चटणीखालची पुडी

माळशिरस, ५ जानेवारी २०२५

चि. सौ. सुकन्या हिस आईचे अ. उ. आ.

फोनवर तुझ्या सासूबाई शेजारीच असतात, मग मनातलं बोलायचं कसं? म्हणून चौथीपर्यंतची शाळा कामाला लावली. अक्षराला हसू नकोस. सातवा लागला की तुला बाळंतपणाला न्यायला येते. बाज नव्यानं विणून ठेवली आहे, रोज तिच्याकडे बघून घेते.

मळमळतं म्हणालीस, म्हणून शेंगाचटणीच्या डब्यात तळाशी मिश्रीची पुडी ठेवली आहे. माझ्या हातची, खरपूस भाजलेली. सासूबाईंना दिसू देऊ नकोस, नाहीतर माझा उद्धार होईल.

तुझी आई,
म्हाळसाबाई

सोलापूर, २ फेब्रुवारी

ती. आईस सा. न. वि. वि.

पुडी उघडली आणि तू जवळ बसल्यासारखं वाटलं. मळमळ थांबली, तरी मी दिवसातून चारदा मिश्री लावत राहिले. तेवढा वेळ मी माहेरी असायचे गं.

काल सोनोग्राफीत बाळाचं वजन कमी निघालं. गर्भपिशवीला रक्त कमी पोचतंय. डॉक्टरीणबाईंनी तंबाखू खातेस का विचारलं, मी ठामपणे नाही म्हणाले. मिश्रीला आपण कुठं तंबाखू म्हणतो? मग त्यांनी माझे दात बघितले. मिश्री म्हणजे तंबाखूच, तिनं रक्तवाहिन्या आखडतात आणि बाळाच्या वाट्याचं रक्त कमी होतं, असं त्यांनी समजावलं. मिश्री आता बंद केली आहे. दर आठवड्याला तपासणी, प्रवासही बंद. हे धीर देतात, पण मला तूच हवी आहेस.

मोठ्यांना सा. न., माझ्यावर रागावू नकोस.
सुकन्या

माळशिरस, ७ फेब्रुवारी

चि. सुकन्या, अ. उ. आ.

मी कशी रागावू? बारा वर्षांची होतीस, तेव्हा तुझ्या बोटाला पहिली मिश्री मीच लावली. पत्र आल्यापासून मी तिला शिवले नाही. डोकं लई ठणकतंय, ठणकू दे.

तुझ्याआधी माझी दोन बाळं गेली, तुला ठाऊक आहे. ओंजळीत मावतील एवढीशी होती. नशीब म्हणून मी गप्प बसले. दोन्ही खेपेला मळमळीवर मिश्रीच लावत होते गं. कशानं गेली, हे आता कोण सांगणार? डॉक्टरीणबाईंना विचारायचा धीर होत नाही.

तू यायची नाहीस, तर सोमवारच्या एसटीनं मी येते. सासूबाईंना आधीच सांगून ठेव, पुडी आईनं दिली होती. त्यांना काय बोलायचं ते बोलू दे. मला फक्त तुझ्या उशाशी बसू द्या.

लेकरा, माया तोडू नकोस.
तुझी आई