मोहाखाली ऐकलेलं

सुकलूचं गाव, धानोऱ्याच्या पुढे
९ एप्रिल १९९७

प्रिय अमिना,

सलाम. मी इथे खुशाल आहे, तुम्ही सगळे कसे आहात ते कळव. बोलताना आपलं हिंदी चालतं, पण लिहायला शाळेतलं मराठीच हाताशी येतं, तेव्हा सांभाळून घे. चार दिवस म्हणून आलो आणि महिना उलटला. तू रागावली असशीलच. शिरीन कशी आहे? मुन्ना गेल्यापासून ती तुझ्याकडेच जेवते ना? तुझी भावजय म्हणून नाही, पण तिला एकटीला जेवू देऊ नको.

इथे मोहफुलं वेचायचे दिवस आहेत. उजाडता उजाडता सुकलूची आई सोनीबाई आणि शेजारच्या सहा बाया टोपल्या घेऊन निघतात, मीही जातो. माझी कंबर धरते आणि त्या हसतात. पण झोप लागते, अमिना. तुला आठवतं, घरी मी काठीने छत वाजवत बसायचो आणि तू वैतागायचीस? ती काठी फेकलीस का? सोळा वर्षं खाणीत तेच केलं. लोखंडी सब्बल छताला मारायची, आवाज ऐकायचा. खणखणीत आला तर माणसं आत, भद्द आला तर बाहेर. इथेही सुरुवातीला बसण्याआधी मी झाडाचं खोड ठोकून बघायचो.

"झाडाले काऊन ठोकून राह्यले, अयूबभाऊ?" सुकलू म्हणाला. "थे का तुमच्या आंगावर पडते?"

खाणीत माझ्या हाताखाली असताना हा माझ्यासमोर मान वर करत नसे. इथे माझी टिंगल करतो, आणि मला ते बरं वाटतं.

मी उगाच इकडचं तिकडचं लिहितोय. तीन कागद फाडून झाले, हा चौथा. अक्षर लागलं नाही तर दोनदा वाच.

मोहाला अस्वलं येतात. म्हणून एकाने पुढे जाऊन थांबायचं, ऐकायचं, मग बाकीच्यांनी यायचं, अशी इथली रीत आहे. परवा सोनीबाईने ते काम मला दिलं. मी गेलो, नजर फिरवली आणि परत येऊन म्हणालो, काही नाही, चला.

"आयकलास का, बाबू?"

"ऐकलं ना."

तिने डोक्यावरची टोपली हलवलीसुद्धा नाही. "नाई आयकलास. गेला न् आला. जाय, आयक."

पुन्हा गेलो. आधी माझाच श्वास ऐकू आला. मग वाळल्या पाल्यावर एकेक फूल पडल्याचा आवाज. लांब कुठे मोर. किती वेळ उभा होतो कोण जाणे, पण हळूहळू त्या फुलांच्या मधे मधे काहीतरी चावल्याचा आवाज कळायला लागला. झुडपामागे अस्वलीण होती, जवळ पिल्लू. आवाज न करता मागे आलो. ऊन वर येईपर्यंत आम्ही सगळे लांब बांधावर बसून राहिलो. सोनीबाईने माझ्यापुढे आंबील ठेवली, ती मी शेजारच्या बाईकडे सरकवली. सात बाया माझ्या एका शब्दावर आत जाणार होत्या.

अमिना, मुन्ना गेला त्या दिवशी मी छत वाजवलं नव्हतं.

सकाळी वाजवलं होतं, पक्कं होतं. दुपारी सुरुंगाचा दुसरा बार उडाला, त्यानंतर पुन्हा वाजवायला हवं होतं. रमजान होता, तोंड कोरडं पडलेलं, पाळी संपायला वीस मिनिटं राहिलेली, रोजा सोडायला घर गाठायचं होतं. मुन्नाने विचारलंही होतं, "दुल्हेभाई, बजाया ना?" मी हो म्हणालो. सोनीबाईने मला परत पाठवलं. मुन्ना आत गेला.

साहेबांना मी सांगितलं, वाजवलं होतं, छतानेच दगा दिला. मय्यतीला आलेल्या प्रत्येकाला तू सांगत होतीस, यांच्या कानाची चूक होणार नाही. तू बोलायचीस आणि मी मान खाली घालून ऐकायचो. तेव्हापासून मला प्रत्येक छत पोकळ वाटतं. औषधाने ते जात नव्हतं. इथे रानात महिनाभर राहिल्यावर कळलं की बिघाड कानात नव्हता. ऐकलं नसताना ऐकलं म्हणायची खोड होती, आणि ती इथे चालत नाही.

आज बाजार आहे, सुकलू पत्र पेटीत टाकेल. शुक्रवारनंतरच्या शुक्रवारी दुपारच्या एसटीने मी येतो. शिरीनला तुझ्यासमोर सांगेन, मग साहेबांना लिहून देईन. नोकरी जाईल, आणखीही काही होईल, ते मी सोसेन. तुझ्या तोंडाकडे कसं बघू, एवढीच भीती आहे.

किल्ली माझ्याजवळ आहे, पण ती वापरणार नाही. दार वाजवीन आणि पायरीवर थांबेन. आतून काहीच आवाज आला नाही, तर तेही नीट ऐकेन.

तुझ्या भावाला हो म्हणालेला,
अयूब