अस्सल केसांचा ब्रश

३ मार्च, सोमवार. संध्याकाळी ७.

दाढीचा ब्रश घेतला. किंमत इथे लिहीत नाही. वही कपाटात असते आणि कपाट ही आवरते.

बॅजर नावाच्या कुठल्याशा प्राण्याचे केस, मूठ शिंगाची. दुकानदार म्हणाला, साहेब, जन्मभर टिकेल. मी विचारलं, कुणाच्या? तो हसला नाही. महाग माल विकणारे हसत नाहीत, हे मी फार पूर्वी टिपून ठेवलंय.

तीस वर्षं मी स्वतः ब्रश बनवतो आहे. रंगाचे, डांबराचे, बाटल्या धुण्याचे. मला कोण फसवणार? घरी आल्याबरोबर एक केस उपटून काडी लावली. नायलॉन वितळतं, टोकाला कडक गोळी होते. हा केस कुरकुरला, जळका वास आला आणि चिमटीत राख झाली. अस्सल! पैसे वसूल.

हिनं विचारलं, अहो, गालाला लावायचा की जाळायचा?

ब्रश माझ्यासाठी नाही. दादासाठी आहे. उद्यापासून रोज सकाळी आठ वाजता त्याच्या घरी जाऊन त्याची दाढी मी करणार. एकही खाडा नाही.

४ मार्च, मंगळवार

आठला गेलो. दादाला जानेवारीत झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. मी अकरा वर्षांनी त्याच्या घराची पायरी चढत होतो. अकरा वर्षं गेलो नाही त्याला कारण धंद्यातला एक किरकोळ मतभेद. तो आता इथे उगाळत बसत नाही.

वहिनींनी दार उघडलं. म्हणाल्या, भाऊजी, तुम्ही? मग पुन्हा म्हणाल्या, तुम्ही? मी ब्रश दाखवला. त्या जरा बाजूला झाल्या.

दादा खिडकीपाशी खुर्चीत. दाढी बोटभर, पांढरी. मी खूप बोललो. हवा, रस्त्याची खोदाई, माझे गुडघे. मग मानेभोवती टॉवेल गुंडाळला, दोन्ही हात आत घेतले, न्हावी घेतो तसे. वाटीत फेस केला आणि ब्रश गालाला लावला.

लावताक्षणी दादानं डोळे मिटले.

हे मला एकट्यालाच कळणार. आम्ही दोघं एका खोलीत बसून हातानं केसांच्या जुड्या बांधायचो तेव्हा केसांची पारख दादाकडे असायची. जुडी गालावरून फिरवायचा आणि केस चांगला असला की डोळे मिटायचा. बोलायचा नाही. डोळे मिटले की मी पैसे देऊन गठ्ठा उचलायचो. रेझर नीट धरावा लागला.

अर्धा तास. कापलं एकदाच, हनुवटीला.

८ मार्च, शनिवार

पाच दिवसांत चार वेळा गेलो. गुरुवारी मशीन बंद पडलं होतं, तो खाडा धरायचा नाही.

संध्याकाळी आमच्या न्हाव्याला ब्रश दाखवायला नेला. त्यानं उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, साहेब, छान आहे, पण माझा हा बघा. त्याचा म्हणजे टक्कल पडलेला नायलॉनचा दांडा. बावीस वर्षं ह्याच्यावर घर चालवलं, म्हणे. पाणी गरम असलं, हात हलका असला आणि खुर्चीतला माणूस खूश असला की फेस कशानंही होतो. मी म्हटलं, आणि माणूस खूश नसला तर? तर मग मी गप्प बसतो, म्हणाला, आणि तोही. लवकर उरकतो. शिवाय वर म्हणतो, एवढे पैसे घालणाऱ्याला दाढी करायची नसते साहेब, काहीतरी वेगळंच करायचं असतं.

खुर्च्यांवरची तिन्ही गिऱ्हाइकं हसली. मीही हसलो, पण न्हाव्याला केसातलं काय कळणार?

१२ मार्च, बुधवार

आज दादाला पुरावाच दिला. त्याच्या मनात शंका नको, की धाकट्यानं नायलॉन आणलं. त्याच्या डोळ्यांसमोर ब्रशाचे दोन केस उपटले आणि नाकाखाली काडी धरली. वास यावा म्हणून जरा जवळच. मिशीची दोन टोकं गेली.

वहिनी मोरीतून ओल्या हातानं धावत आल्या. भाऊजी, अहो माणसाला पेटवता की काय! मी समजावलं की ही तपासणी आहे, आमच्यात अशीच करतात. दादानं डोळे घट्ट मिटले होते. खात्री पटली त्याची.

ब्रश जरा विरळ वाटतो. इथे-तिथे तपासण्यात आतापर्यंत वीसेक केस गेले असतील. घनता हेच तर महाग ब्रशाचं वैशिष्ट्य. यापुढे तपासणी बंद.

१५ मार्च, शनिवार

चांगली बातमी. टॉवेलच्या आत दादाचा डावा हात हलतो! आज तर चांगलाच जोर करत होता. टॉवेल वर उचलला गेला. मी वरून दाबून धरलं आणि म्हटलं, शाब्बास दादा, अजून! त्यानं अजून केलं.

ठरवलं. एप्रिलअखेर दादा कारखान्यात. खिडकीजवळ टेबल लावून ठेवायला सांगितलं. तिथे नायलॉनच्या मशीनचा आवाज कमी येतो. त्यानं नुसतं बसायचं आणि माल पाहायचा. लोकांनाही दिसेल की भाऊ-भाऊ एकत्र आहेत.

हिला सांगितलं. ही भाजी निवडत होती. म्हणाली, तुम्ही त्यांना एकदा तरी म्हणालात का, की चुकलं? मी म्हटलं, असल्या गोष्टी बोलायच्या नसतात, ब्रश सगळं बोलतो. तर म्हणे, मग उद्यापासून ब्रशालाच पाठवा.

तिला वाटतं तेवढं ते लेबलाचं प्रकरण मोठं नव्हतं. दादाच्या नावाची लेबलं छापून पडली होती. ती संपेपर्यंत वापरली. एवढंच.

२० मार्च, गुरुवार

तीन दिवस गेलो नाही. सर्दी. आजारी माणसाकडे सर्दी घेऊन जाऊ नये, हा साधा विचार. चौथ्या दिवशीही गेलो नाही, कारण सर्दी नुकतीच गेली होती.

वहिनींचा फोन आला. भाऊजी, उद्या तरी याल ना? थोडा वेळ का होईना, या. आवाज रडवेला. मी फोन ठेवून हिच्याकडे पाहिलं. बघ, म्हटलं, वाट पाहतात माझी तिकडे.

२२ मार्च, शनिवार

माझे कान तिखट आहेत. मशीनचा पट्टा ढिला झाला की मला ऑफिसात कळतं. तिकडे रोज एक गोष्ट ऐकतो. मी फेस करायला घेतला की मोरीत नळ सुरू होतो. मग बादलीचा आवाज, मग तांब्याचा. मग स्वयंपाकघरात कपबशी, डब्याचं झाकण आणि घाईघाईनं खाल्ल्याचा आवाज. वहिनी जाणत्या आहेत. भावाभावांमध्ये थांबायचं नाही म्हणून बाजूला होतात.

दादाच्या गालावर बारीक पुरळ. उन्हाचं असणार. खिडकी बदलायला सांगितली पाहिजे.

आज मी दारात दिसताच त्यानं डोळे मिटले. ब्रश अजून पिशवीतच होता.

२६ मार्च, बुधवार. दुपार.

सकाळी पोचलो तेव्हा एक मॅडम आल्या होत्या. त्याला बोलायला शिकवतात, बुधवारी येतात, म्हणे. एरवी दुपारी, आज सकाळी. मी दारातच थांबलो. त्या दादाला विचारत होत्या, रात्री झोप लागली? दादानं दोनदा उघडझाप केली. पाय दुखला? डोळे मिटले. रेडिओ लावू? दोनदा उघडझाप. भराभर. गप्पाच चालल्या होत्या त्यांच्या.

मी विचारलं, हे काय? त्या म्हणाल्या, दोनदा उघडझाप म्हणजे हो, डोळे मिटले म्हणजे नाही, नको. हात-मान भरवशाची नाही ना, म्हणून डोळ्यांचं ठरवलं.

विचारलं, कधीपासून? म्हणाल्या, फेब्रुवारीपासून. घरात सगळ्यांना माहीत आहे की. तुम्ही कोण?

वहिनी मोरीच्या दाराशी उभ्या, केस मोकळे, खांद्यावर पंचा. माझ्याकडे बघेनात. जिन्यापर्यंत सोडायला आल्या तेव्हा म्हणाल्या, भाऊजी, तुम्ही आलात की मला अर्धा तास मिळायचा हो. त्यांना एकटं सोडवत नाही. अंघोळ व्हायची, दोन घास पोटात जायचे. रागावू नका.

रागावलो नाही. मला काम होतं म्हणून घाईनं निघालो.

२७ मार्च, गुरुवार

गेलो नाही. कारण लिहीत नाही.

वही माझीच आहे, कुणी वाचत नाही, तर एकदा नीट लिहून टाकतो. लेबलं छापून पडली नव्हती. मी छापून घेतली. ‘अस्सल केस, हाताने बांधलेला’ आणि खाली दादाची सही. आत नायलॉन. नऊ महिने विकले. जुनं गिऱ्हाईक, दादाला नावानं ओळखणारा रंगारी, ब्रश घेऊन त्याच्या दारात गेला. त्याच्यासमोर काडी लावली. गोळी झाली. दादा त्याच दिवशी आमच्या कामाच्या खोलीची किल्ली माझ्या टेबलावर ठेवून गेला. मी म्हटलं, येईल चार दिवसांत.

त्या नऊ महिन्यांतून दुसरं मशीन आलं. त्याच्यावर सगळं उभं आहे.

ही दोनदा दारातून डोकावून गेली.

२८ मार्च, शुक्रवार. सकाळी १०.

गेलो. टॉवेल नुसता खांद्यावर टाकला, हात बाहेर ठेवले. वहिनींना म्हटलं, तुम्ही तुमचं आवरा, मी आहे. नळ सुरू झाला.

डाव्या गालाला फेस लावला आणि थांबलो. खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसलो.

विचारलं, दादा, ब्रश टोचतो का? डोळे मिटले. नाही.

पाणी फार गार असतं? डोळे मिटले.

केस चांगला आहे ना? त्यानं जरा वेळ घेतला. मग दोनदा उघडझाप. म्हणजे ब्रश पैशाला पुरेपूर आहे. त्याच्यात काही खोट नाही.

मग माझाच राग आहे? दोनदा उघडझाप. वेळ लागला नाही.

मी म्हटलं, चुकलं माझं. लेबलं मीच छापली. बोललो तेव्हा हातात ब्रश होता, हात हलला आणि फेस त्याच्या नाकावर उडाला. मी बोटानं पुसला. तो माझ्याकडेच बघत होता. इतक्या दिवसांत पहिल्यांदा डोळे उघडे ठेवून.

आता सोडून देशील, दादा? डोळे मिटले.

तो उघडेना. रस्त्यावर कुणीतरी शटर वर केलं. विचारलं, मी जाऊ का? तेव्हा उघडले. दोनदा.

ब्रश, वाटी पिशवीत भरली. आत नळ चालू होता. वहिनींना हाक मारून सांगितलं, निघतो. दोन जिने उतरलो आणि फाटकाशी लक्षात आलं की त्याच्या डाव्या गालावर फेस तसाच आहे. वाळला की चरचरतो. परत चढलो. गुडघे बोलत होते.

दार उघडंच होतं. वहिनी ओल्या केसांनी खुर्चीशी वाकून त्याचा गाल फडक्यानं पुसत होत्या. मी उंबऱ्याशी थांबून विचारलं, करून जाऊ का तेवढी पूर्ण?

वहिनींनी दादाकडे पाहिलं. त्यानं डोळे मिटले. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, चपला काढू नका, भाऊजी.