कोणतं शास्त्र, ते मला कुणी विचारलं नाही

मी, खाली सही करणारी, चष्मेवाल्याची विधवा, या घराची मालकीण, हे मृत्युपत्र माझ्या हातानं आणि माझ्या मर्जीनं लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. माझ्यावर कुणाचं दडपण नाही. दडपण आणायला माझ्याशी कुणी नीट बोलायला तर हवं. वकीलबाई म्हणाल्या, "आजी, मी टाइप करून आणते, तुम्ही फक्त सही करा." मी म्हटलं, बाई, शाळा मी जेमतेम पाहिली, पण अक्षर माझं आहे आणि रागही माझाच आहे, तुमच्या टाइपात तो मावायचा नाही.

याआधी मी केलेलं मृत्युपत्र, ज्यात घर मुलाला आणि मुलीला निम्मं निम्मं दिलं होतं, ते रद्द समजावं. ते मी फाडलं. फाडताना फार बरं वाटलं.

कलम एक, माझ्या देहाबद्दल. मला ह्यांच्या शेजारी पुरावं. दगडावर 'प्रार्थनेनं बरी झाली' किंवा 'औषधानं बरी झाली' यातलं काहीही कोरू नये. त्या वेळी मी बरी नसेन.

कलम दोन, ह्यांच्या सामानाबद्दल. काचा घासायचं चाक, भिंगांची लाकडी पेटी आणि खिडकीजवळचं स्टूल हे सगळं माझ्या नातीला, म्हणजे थोरल्याच्या मुलीला द्यावं. ती दिवसभर "असं का? तसं का?" करत गुणगुणत असते, म्हणून मी तिला भुंगा म्हणते. माझं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, तेही तिलाच. ह्यांनी मला वाचायला शिकवलं ते त्याच पुस्तकातून, हातात भिंग देऊन. अक्षर एवढं मोठं दिसायचं की मला वाटायचं, ते माझ्याशी ओरडून बोलतंय. ह्यांच्या फळीवर दोनच पुस्तकं होती, एक पवित्र शास्त्र आणि एक प्रकाशशास्त्र. सकाळी पहिलं वाचायचे, मग चाकावर बसून दुसरं. "शास्त्र आण गं," म्हणायचे. मी विचारायची, "कोणतं?" "हाताला लागेल ते." मी हटकून चुकीचं नेऊन द्यायची, आणि आम्ही हसायचो. एकदा एक म्हातारी नवा चष्मा लावून दुकानातच रडायला लागली, "प्रभूनं मला दृष्टी दिली!" हे म्हणाले, "दिली खरी, आजी. पण काच रोज पुसत जा."

असा माणूस. त्याच्या पोटी ही दोन रत्नं निपजली.

वकीलबाई वाचून म्हणाल्या, "आजी, विषयावर या." आलेच.

कलम तीन. हे मालमत्तेचं कलम नाही, रागाचं आहे, पण हे समजल्याशिवाय पुढचं समजायचं नाही. माझा थोरला आमच्या मंडळीचा, म्हणजे चर्चचा, पाळक आहे. धाकटी दवाखान्यात रक्त तपासते. गेल्या वर्षी माझ्या फुप्फुसांत पाणी झालं आणि मी मरता मरता राहिले. बरी होऊन पहिल्यांदा उपासनेला गेले तेव्हा थोरला व्यासपीठावरून म्हणाला, "आई, ये, साक्ष दे, कशी बरी झालीस ते सांग." मी काठी टेकत पुढे गेले. मी म्हणाले, "मला शास्त्रानं वाचवलं..."

एवढंच. पुढचा शब्द ओठांवर होता. तेवढ्यात थोरला ओरडला, "ऐकलंत? पवित्र शास्त्रानं! आमेन म्हणा!" आणि मागच्या बाकावरून धाकटी उठली, "आई वैद्यकशास्त्र म्हणतेय! गोळ्या कुणी आणल्या, तुझ्या प्रवचनानं?" "प्रभूच्या घरात आवाज चढवू नकोस!" "आवाज तू चढवलास आधी!" मंडळीतले निम्मे आमेन म्हणाले, निम्मे शू शू करायला लागले, आणि मी मधोमध काठी धरून उभी. वर्गात दोन पोरं एकाच पेन्सिलीवर भांडतात ना, तशी मी ती पेन्सिल. माझ्या तोंडून निघालेला शब्द माझा होता, आणि तो कोणत्या शास्त्राचा, हे मला कुणी विचारलं नाही.

माझं वाक्य असं होतं, ते इथे पुरं करते: मला शास्त्रानं वाचवलं आणि इस्त्रीवालीनं वाचवलं.

इस्त्रीवाली म्हणजे उपासनेतली माझी बाकावरची सोबतीण. आयुष्यभर लोकांचे कपडे इस्त्री करत आली, हाताला कायम कोळशाचा वास. मी तापानं बरळत होते तेव्हा थोरला प्रवासात होता, प्रवचनं देत. धाकटीची दवाखान्यात पाळी होती. माझ्या उशाशी ही बसली. डॉक्टरांनी कागदावर सूर्य आणि चंद्र काढून दिले होते, सूर्याला पांढरी गोळी, चंद्राला पिवळी. ही ते चित्र बघून माझं तोंड उघडायची, गोळी टाकायची, पाणी पाजायची, आणि मग एवढ्या मोठ्यानं प्रार्थना करायची की शेजारी भिंत वाजवायचे. कोणती गोष्ट आधी आणि कोणती नंतर, यावर तिनं कधी भांडण काढलं नाही. तिला दोन्ही करायला वेळ होता. माझ्या पोरांना एकही करायला नव्हता, हक्क सांगायला मात्र दोघांना आहे.

आता खरा राग. साक्षीच्या दुसऱ्याच आठवड्यात थोरल्यानं पत्रक छापलं. वर माझा फोटो, खाली ठळक अक्षरात, 'औषधाविना बरी झाली'. ते पत्रक घरोघर वाटलं. इस्त्रीवालीच्या हातातही पडलं. ती माझ्याकडे आली, डोळे भरून म्हणाली, "अगं, मला वाटलं माझ्या हातच्या गोळ्यांनी बरी झालीस. पण पाळक खोटं कसं लिहितील? म्हणजे ती प्रार्थनाच होती. माझी!" मी म्हटलं, "वेडी आहेस का? गोळ्या तूच दिल्यास ना?" ती हसली नुसती. एवढा मान तिला जन्मात कुणी दिला नव्हता, तो मी काढून घेतेय असं तिला वाटलं असावं. घरी जाऊन तिनं स्वतःच्या रक्तदाबाच्या गोळ्या मोरीत टाकल्या. महिना झाला नाही तोच तिचं अर्धं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली. ती आता फक्त 'हं' म्हणते.

थोरल्या, दहा आज्ञांतली एक खोट्या साक्षीची आहे. तू लहानपणी ती मला पाठ म्हणून दाखवलीस आणि ह्यांच्याकडून भिंग बक्षीस घेतलंस. माझा प्रभू आंधळ्याच्या डोळ्यांना मातीचा लेप लावायला लाजला नाही. त्याला गोळीची लाज वाटेल असं तुला कुणी सांगितलं? त्याची अब्रू राखायला तुला खोटं छापावं लागतं, एवढा दुबळा समजतोस त्याला?

आणि धाकटे, गालातल्या गालात हसू नकोस. पत्रक तूही वाचलंस. त्यात काय धोका आहे हे या गावात तुझ्याइतकं कुणाला कळत होतं? तू काय केलंस? वर्तमानपत्राला पत्र लिहिलंस. 'माझ्या अडाणी आईचा धर्मानं कसा वापर केला.' चांगलं लिहिलंस, लोकांनी वाहवा केली. तुझं म्हणणं खरं होतं. पण इस्त्रीवालीचं दार तुझ्या दवाखान्याच्या वाटेवर आहे. आत डोकावून "मावशी, गोळी घेतलीत का?" एवढं विचारायला तुझ्या विज्ञानाचे पाय दुखत होते? तुला भावाला हरवायचं होतं, तिला वाचवायचं नव्हतं.

हुश्श. पाणी प्यायले. आता बरं वाटतंय.

कलम चार. बँकेत जे थोडंफार असेल ते इस्त्रीवालीच्या औषधाला आणि तिला उठवायला-बसवायला येणाऱ्या बाईला लावावं. वकीलबाईंनी त्यावर नजर ठेवावी.

कलम पाच, घराबद्दल. इस्त्रीवालीला तिच्या पुतण्यानं गोदामात कपड्यांच्या गठ्ठ्यांमागे खाट टाकून दिली होती. मी तिला परवा इथे आणलं. ती रस्त्याकडच्या खोलीत आहे, जिथे ह्यांचं दुकान होतं. माझ्यामागे हे घर तिच्या हयातीपर्यंत तिचं. तिला कुणी हलवू नये, "थोडे दिवस" म्हणूनसुद्धा नाही. तिच्यानंतर घर भुंग्याला.

कलम सहा, साक्षीदार. वकीलबाईंनी विचारलं, "आजी, दोन साक्षीदार कोण? एक लक्षात ठेवा, जो साक्षीदार म्हणून सही करतो त्याला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. आणि दोघांनी तुम्हाला सही करताना डोळ्यांनी पाहायला हवं."

मी एवढी हसले की त्यांनी मला पाणी दिलं. म्हटलं, बाई, हा कायदा कुणी केला? त्याच्या हाताचा मुका घ्यायला हवा. साक्षीदारानं डोळ्यांनी पाहायचं आणि स्वतःसाठी काही घ्यायचं नाही! हे आमच्या मंडळीत आणि दवाखान्यात, दोन्हीकडे पाटीवर लिहून लावा.

म्हणून मी माझ्या थोरल्याला आणि धाकटीला निरोप धाडला. दोघं आत्ता माझ्या स्वयंपाकघरात, एका बाकड्यावर, मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा सोडून बसले आहेत. वरचं सगळं वकीलबाईंनी मोठ्यानं वाचून दाखवलं. शेजारच्या खोलीतून दोनदा 'हं' ऐकू आलं.

धाकटी म्हणाली, "आई, सही केली की आम्हाला काहीच नाही."

"म्हणून तर बोलावलं."

थोरला म्हणाला, "आणि नाही केली तर?"

"तर मी शेजारचे दोघं आणीन. मग मी गेल्यावर तुम्ही कोर्टात म्हणाल, म्हातारीला भ्रम झाला होता, आणि ती बाई पुन्हा गठ्ठ्यांमागे जाईल. तुम्ही सही केलीत तर मी शहाणी होते हे तुमच्याच हातचं लिहिलेलं राहील. मला तुमचं एकमत नको आहे. तुम्ही देवावर भांडा, रक्तावर भांडा, मी मेल्यावरही भांडा. आज फक्त जे पाहिलंत तेवढंच लिहा."

मी सही करते आहे. नीट बघा रे.

(सही) चष्मेवाल्याची विधवा

ठिकाण: माझं स्वयंपाकघर. दिवस: सोमवार, पाळकाच्या सुट्टीचा, धाकटीनं रजा काढली आहे. तारीख वकीलबाईंचा शिक्का सांगेल.

साक्षीदार पहिली: आईनं माझ्यासमोर सही केली, मी पाहिलं. ती पूर्ण शुद्धीवर आहे. (सही) मुलगी, रक्त तपासनीस

साक्षीदार दुसरा: आईनं माझ्यासमोर सही केली, मी पाहिलं. ती शुद्धीवर आहे. पत्रक खोटं होतं. (सही) मुलगा, पाळक

वकिलांची टीप: दुसऱ्या साक्षीदाराचं शेवटचं वाक्य कायद्याच्या दृष्टीनं अनावश्यक आहे. ते खोडावं असं मी सुचवलं. मृत्युपत्र करणाऱ्या बाईंनी खोडू दिलं नाही.