सहावी जागा

१ मार्च १९९७, शनिवार. संध्याकाळी सहा.
आजपासून नियमित लिहायचं. मार्च-एप्रिल हे संधींचे महिने. शिबिरं, स्पर्धा, प्रशिक्षणं, सगळ्यांच्या सूचना आत्ताच लागतात. त्या सर्वांत आधी मला कळतात, कारण युनिव्हर्सिटीतल्या आमच्या इमारतीचा फळा मीच लिहिते. क्लार्क भाईदासभाईंचं अक्षर त्यांचं त्यांनाच लागत नाही. माझं अक्षर आबांनी, म्हणजे आजोबांनी, घडवलंय. आठ वर्षांची होईपर्यंत मी शाळेत गेलेच नाही. आबा कापडाच्या लूमवरची पाळी संपवून आले की घरीच पाटी पुढ्यात. नियम दोन. खोडायचं नाही. खोटं लिहायचं नाही. एक अक्षर चुकलं की अख्खी पाटी पुन्हा.
आजची सूचना: बडोद्याला सहा आठवड्यांचं ग्रंथालय प्रशिक्षण. जागा सहा. पुढे कॉलेजच्या लायब्ररीत नोकरीची शक्यता. अर्जाची मुदत ३१ मार्च. एप्रिलअखेर माझं काही ठरलं नाही तर मे महिन्यात उखामामा मला शिरपूरला नेणार, स्थळं दाखवायला. तेव्हा ही जागा माझी. विषय संपला.
(सवयीने गुजराती अक्षरांवरही रेघ ओढली. भाईदासभाई म्हणाले, बेन, आ गुजराती छे, एने टोपी ना पहेरावो. पुसली. फळ्यावर पुसणं म्हणजे खोडणं नव्हे.)

३ मार्च, सोमवार.
आज दोन सूचना लिहिल्या. रक्तदान: किमान वजन ४५ किलो. माझं साडेचव्वेचाळीस. वर्गातली वृषाली म्हणाली, चपला घालून उभी राहा ना गं. मी म्हटलं, रक्त चपला देणार नाहीयेत. नाव दिलं नाही.
चलथाणला सेवा शिबिर: पालकांची सही हवी. नाना दर वेळी वेगळी सही करतात. यातली खरी कोणती? नाव दिलं नाही.
ही भीती नव्हे. माणसाने कुठेतरी ठाम असावं.

७ मार्च, शुक्रवार.
बडोद्याचा फॉर्म आणला. वृषाली पर्वत पाटियाच्या बसमध्ये, गुडघ्यावर वही ठेवून, भरून मोकळी झाली. मी रविवारी भरणार. शांतपणे. अंघोळ करून.

९ मार्च, रविवार.
नाव लिहिताना शाई पसरली. फॉर्म बाद.

१२ मार्च, बुधवार.
दुसरा फॉर्म. पत्त्यात लिंबायतचा पिनकोड चुकला. बाद. तिसऱ्यावर योगेंद्रने ताटातलं वरण सांडलं. धाकट्या भावाला नियम कळत नाहीत, तो थेट शाळेत गेला. भाईदासभाई चौथा देताना म्हणाले, बेन, तमे फॉर्म भरो छो के खाओ छो? मी हसले नाही.

१८ मार्च, मंगळवार.
गंभीर प्रकार. फॉर्मच्या तळाशी लिहिलंय: वरील सर्व माहिती सत्य आहे. खाली सही. माझी जन्मतारीख दाखल्यावर १ जून १९७४. ती सत्य आहे हे कोण म्हणतं? नानांनी मला एकदम तिसरीत घातलं तेव्हा मास्तरांनी विचारलं, तारीख? नाना म्हणाले, तुम्हीच टाका. आईला विचारलं. ती म्हणाली, गुलाबाईनी गाणी चालू व्हतीत तवय. गुलाबाईचा सण भाद्रपदात. जून कुठे, भाद्रपद कुठे!
नाना म्हणाले, आख्खी गल्ली एक जूनले जन्मेल शे, पोरी. मास्तरले दुसरी तारीखच येत नव्हती.
गल्लीने खोटी सही केली म्हणून मी करायची? मी करणार नाही. गावच्या ग्रामपंचायतीला पत्र टाकलं: जन्मनोंदीचा उतारा पाठवा. उतारा येताच अर्ज. युनिव्हर्सिटीला खरी मुलगी हवी असेल तर तिने तेरा दिवस थांबावं.

२२ मार्च, शनिवार. सकाळ.
दरम्यान तयारी. बडोद्यात होस्टेलवर राहावं लागणार. मी घराबाहेर कधी झोपलेली नाही, पण त्यात काही विशेष नाही. सराव म्हणून आज वृषालीकडे मुक्काम.

त्याच दिवशी. रात्री साडेआठ, घरी.
सराव उत्तम झाला. डास फार होते म्हणून परतले. वृषालीची आई म्हणाली, अगं अजून दिवेलागण नाही झाली, डास कुठले? त्यांना सवय असेल.

२४ मार्च, धुळवड.
गल्लीत सगळे रंगलेले. मी आत फॉर्म सांभाळत बसले. रंग उडाला तर चौथाही बाद. आबांनी विचारलं, भरला का? म्हटलं, पंचायतीची वाट बघतेय. आबांनी कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं. त्यांना माझा अभिमान वाटतोय हे दिसत होतं.

२७ मार्च, गुरुवार.
माझी कीर्ती पसरली आहे. बडोद्याचे अर्जदार फॉर्म आधी मला दाखवतात. आज चार तपासले. कुणी आडनाव आधी लिहिलेलं, कुणी फोटोवर सही विसरलेलं. वृषालीचाही तपासला. तिच्या फॉर्मवर तीन ठिकाणी खाडाखोड. मी म्हटलं, हा फेकून देतील. ती म्हणाली, देऊ दे गं, फेकायलासुद्धा आधी हातात घ्यावा लागतोच ना.
भाईदासभाई म्हणाले, तमे तो हाईकोर्ट छो. मग म्हणाले, हाईकोर्टनुं पोतानुं फॉर्म क्यां छे?
म्हटलं, कागदपत्रं येताहेत.

३१ मार्च, सोमवार. रात्री आठ.
उतारा आला नाही. पाच वाजता मुदत संपली. चौथा फॉर्म कोराच होता, तो भाईदासभाईंना परत केला. मी झुकले नाही. आज खोटी सही केली असती तर आयुष्यभर एक जून माझ्या मानेवर बसला असता. नाना म्हणाले, आता मामाला होय म्हणून कळवू का? मी म्हटलं, कळवा. मला फरक पडत नाही. शिरपूरला काय मी घाबरते?
घरी येताना रिक्षात उगाच डोळ्यांत धूळ गेली.

४ एप्रिल, शुक्रवार.
उतारा आला. गोल शिक्का, सेक्रेटरींची सही. जन्म: १ जून १९७४.
दोनदा वाचला. आईला दाखवला. ती म्हणाली, मंग गुलाबाईमा योगेंद्र व्हयना व्हई. तुना येळले तं ऊन तापेल व्हतं, आते आठवनं.
तर माझी तारीख खरी होती. मुदतीनंतर चार दिवसांनी का होईना, सत्य माझ्याच बाजूने निघालं. उतारा पर्समध्ये ठेवला आहे.

१० एप्रिल, गुरुवार. सकाळी अकरा, कचेरीतून.
ऐतिहासिक दिवस! भाईदासभाईंनी निवडयादी फळ्यावर लिहायला बोलावलं. जागा सहा, अर्ज पाच. मुलाखती नाहीत, काही नाही. पाचही जणांची निवड. वृषाली पहिली. खाडाखोडीसकट.
मग त्यांनी खण उघडला आणि एक कोरा फॉर्म टेबलावर ठेवला. शेवटचाच उरलेला. साहेबांनी सहाव्या जागेला आज पाचपर्यंत मुदत दिली आहे. भाईदासभाई म्हणाले, बेन, हमणां ज भरी दो, हुं अंदर मूकी आवुं. म्हणजे आत साहेबांकडे ठेवून येतो.
उतारा पर्समध्ये. पेन हातात. एकही अडचण नाही.
फक्त एक. मुदतवाढ जाहीर झालेली नाही. मला एकटीला खणातून जागा मिळाली तर ते मागच्या दाराने आत शिरणं होईल. मी म्हटलं, आधी सूचना लागली पाहिजे. त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, कोण वांचवानुं छे आजे? पहिले फॉर्म भरो, पछी लखजो. मी म्हटलं, नाही. आधी फळा.
आज मी स्वतःच्याच नजरेत उंच झाले.

दुपारी पावणेतीन.
सूचना झाली. ‘एक जागा रिक्त. मुदत आज पाच.’ शेवटच्या दिवशीची सूचना नजरेत भरली पाहिजे, म्हणून चौकट काढली. चौकट उघडी वाटली, म्हणून चारी बाजूंनी वेल काढली. पिवळ्या खडूने फुलं. लोक थांबून बघत होते.
शेवटच्या फुलाला खडू हातातून पडला. मागे उभ्या मुलाने उचलून दिला. धम्मरत्न, उधन्याला रेल्वे क्वार्टर्समध्ये राहतो, बी.ए. झालाय. म्हणाला, ताई, वेलीमुळे नजर गेली, नाहीतर मी कँटीनला चाललो होतो. फॉर्म कुठे मिळेल?
एकच होता. कचेरीच्या टेबलावर, माझ्या पेनखाली.
त्याने आधी विचारलं. मी नंतर भरणार होते. क्रम म्हणजे क्रम. पेन उचललं आणि फॉर्म दिला. भाईदासभाई खिडकीबाहेर बघत राहिले.
त्याने दहा मिनिटांत भरला. जन्मतारीख १ जून. मी विचारलं, खात्री आहे? तो हसला. म्हणाला, ताई, आमच्या लाईनीत सगळ्यांची हीच. त्याने तपासून मागितला. तपासला. फोटोवर सही राहिली होती, ती करायला लावली.

सायंकाळी साडेपाच.
यादीत सहावं नाव लिहिलं. मुदतवाढीची सूचना पुसायला गेले तर भाईदासभाई म्हणाले, रहेवा दो बेन, वेल बहु सरस छे. मग त्यांनी चहा मागवला. बशीत ओतून माझ्यापुढे सरकवला.
मी योग्य तेच केलं. सूचनेचा हेतू सफल झाला. सूचना नेमकी पोचली.

रात्री, जेवणानंतर.
मामांचं पत्र: दोन मेच्या बसची तिकिटं काढली.
आबा खाटेवरून म्हणाले, आज फळ्यावर काय लिहिलंस? मी सहा नावं सांगितली. त्यांनी थोडी वाट बघितली, आणखी एखादं नाव येईल अशी. मग विचारलं, खोडलं का कुठे?
नाही म्हटलं.