तुझं गप्प बसणं

प्रिय संयोगिता,

फोनवर दोन मिनिटांत सांगता आलं असतं. पण फोनवर तू लगेच "असू दे ओ वन्सं" म्हणून मोकळी होशील, आणि या वेळी मला ते नको आहे. म्हणून लिहायला बसले. पत्र राजवीरला दाखवू नकोस. माझा भाऊ असला तरी हे आपल्या नणंद-भावजयीतलं आहे.

चर्चमधला ध्यानाचा गट मी सुरू केला त्याला एकतीस वर्षं झाली. रोज पहाटे साडेचारला उठायचं, शुभवर्तमानातला एक प्रसंग डोळ्यांपुढे आणायचा, मनात येईल ते वहीत टिपायचं. अशा सव्वीस वह्या भरल्यात. कोल्हापुरात राहून इतकी वर्षं शुक्रवारचा उपास मोडून मटणाला हात लावलेला नाही, हे काही थोडं नाही. आणि इतकं करून, खरं सांगू? येशू होडीत निजलाय असं मी डोळ्यांपुढे आणते आणि दुसऱ्या मिनिटाला गॅसचा नंबर लावला का ते आठवत बसते. आत सगळं कोरडं ठणठणीत. गटातल्या बायकांना मात्र तोंड वर करून सांगत आले, धीर धरा, देव भेटतो.

आणि तू! लग्न होऊन आलीस तेव्हा तुला माळेच्या प्रार्थनासुद्धा धड पाठ नव्हत्या. मीच तुला शेजारी बसवलं, मीच म्हटलं डोळे मीट. महिना झाला नाही तोवर तू विचारलंस, "वन्सं, मला कायबी सुचतच न्हाय ओ. नुसतं कुणीतरी शेजारी बसल्यागत वाटतंय, आन् तास कवा गेला कळत न्हाय. चुकतंय का माझं?" संतांच्या पुस्तकांत मी हे पेन्सिलीनं खुणा करून वाचलं होतं. शब्द गळून पडतात आणि देव आपणहून जवळ येतो. ते मी इतकी वर्षं मागत होते, आणि मिळालं कुणाला, तर भाताचा कुकर लावून शिट्ट्या मोजत डोळे मिटणाऱ्या बाईला. माझा नुसता जळफळाट झाला.

तू म्हणालीस, फादरना विचारून सांगा. पुढच्या रविवारी मी सांगितलं, फादर म्हणतात हा आळस आहे, डुलकी आहे. माळ म्हणायची, पुस्तकातून प्रार्थना वाचायची, नुसतं गप्प बसायचं नाही. तू मान डोलावलीस. पुढं राजवीरची बदली वारणानगरला झाली, तुम्ही गेलात, आणि मला सुटल्यासारखं वाटलं.

गेल्या महिन्यात चर्चमध्ये रविवारच्या मिस्साला आलात तेव्हा तू माझ्या शेजारीच होतीस. बस चुकायला आल्यासारखे माळेचे मणी भराभरा ओढत होतीस. नंतर चहा घेताना म्हणालीस, "आता कुणी बसत न्हाय शेजारी. पर फादरनी सांगितलंय म्हंजे बरोबरच असणार की." सांगायला लाज वाटते, पण ऐकून आधी मला बरं वाटलं. संध्याकाळी मात्र ताट वाढून घेतलं आणि तसंच झाकून ठेवलं.

संयोगिता, फादरना मी विचारलंच नव्हतं. ते सगळं माझ्या मनचं होतं. शेवटी कन्फेशनला जाऊन फादरपुढे हे पाप कबूल केलं. फादर म्हणाले, तिला गप्प बसू द्या, आणि हे तिला आजच कळवा. त्याला नऊ दिवस झाले. कळवलं तर तुला ते परत मिळेल, म्हणून थांबले होते. आता कळवते. पत्र मिळालं की दुसऱ्या पहाटे माळ बाजूला ठेव आणि पूर्वीसारखी बस. पुन्हा कुणी शेजारी आलं, तर माझ्यासाठी काही मागू नकोस. तुझ्या शब्दाखातर देव मला भेटला, तर ते मला अजून सोसायचं नाही.

अजूनही आपली म्हणशील तर तुझीच,
अक्काताई