पिटुकलीचा आवाज येत नाही

३ मार्च

चि. बबडीस,
अ. उ. आ.

कॉम्प्युटरवरचे व्हिडिओ टीव्हीवर दाखवणारा म्हणून तू जाताना टीव्हीमागे चिकटवून गेलेला तो डबा आजवर मला नुसत्या वाकुल्या दाखवत होता. रोज सकाळी लावला, की पडद्यावर एकच रडगाणं: नेटवर्क सापडत नाही. उभा जन्म डेपोत बसची इंजिनं दुरुस्त करण्यात गेला, आणि आता साबणाच्या वडीएवढ्या वस्तूपुढे हात टेकतो की काय, असं झालं होतं.

शेवटी दोष सापडला. मी झोपताना मेन स्विच बंद करतो, ती वर्कशॉपची सवय. त्यामुळे वरच्या खोलीतला कॉम्प्युटर आणि जिन्यातला राउटर दोघेही निजतात. सकाळी डबा त्यांच्या आधी उठतो आणि कुणीच जागं नाही म्हणून गळा काढतो. आता आधी राउटर, मग कॉम्प्युटर आणि शेवटी डबा, असा क्रम लावून दिला आहे. तू कॉम्प्युटरवर पाठवलेले पिटुकलीचे सगळे व्हिडिओ ओळीने दिसले. लाल फ्रॉक तिला शोभतो. केसही वाढलेत.

फोन करू नकोस. आमची लाइन खराब आहे, कुणाचं बोलणं धड कळत नाही. तुझी आई तिकडे नातीला सांभाळायला गेली आहे की माझ्या चहाड्या करायला, तेवढं कळव.

आहे तो लोभ जपून ठेवावा.
बाबा

९ मार्च

ति. बाबांस,
सा. न. वि. वि.

लाइन खराब नाही हे आपल्या तिघांनाही माहीत आहे. कानाच्या डॉक्टरांनी मागेच सांगितलं होतं, की तुमच्या कानांतून बारीक आवाज आधी जातील, पाखरांचे, लहान मुलांचे. त्यावर तुम्ही त्यांच्याच पंख्याचं बेअरिंग गेलंय असं सांगून उठून आलात. आईने ती गोष्ट माझ्या ऑफिसातल्या बायकांनाही ऐकवली आहे.

पण आज लिहायचं कारण वेगळं. बाबा, त्या प्रत्येक व्हिडिओत पिटुकली तुम्हाला काहीतरी विचारते. बस रात्री कुठल्या कुशीवर झोपते, हे तर तिने तीनदा विचारलं आहे. तुमचं पत्र आलं तेव्हा उत्तर ऐकायला मांडी घालून समोर बसली. मी फ्रॉक आणि केसांपाशी पोचले आणि तिच्याबद्दलचं लिहिणं संपलं. ती उठून टेबलाखाली गेली, आणि आजोबा माझ्याशी बोलत नाहीत, मीपण बोलणार नाही, असं तिथूनच जाहीर केलं. कालपासून व्हिडिओ काढू देत नाही. मी तिची समजूत घालते, पण तिला माझं नको, तुमचं उत्तर हवंय.

तब्येतीची आबाळ करू नका. माया आहेच, ती पत्रातही दिसू दे.
तुमची बबडी

१४ मार्च

चि. बबडीस,
अ. उ. आ.

तुझ्यापासून काय लपवायचं? मला तिचा एकही शब्द ऐकू आलेला नाही.

ओठ हलताना दिसतात, मान हलते, बोट नाचतं. मी आवाज टोकापर्यंत वाढवून पाहिला. तेवढ्याच आवाजावर बातम्या लावल्या, तर निवेदक असा गरजला, की शेजारचे मास्तर भिंत ठोकायला लागले. पुन्हा पिटुकली लावली, तर शुकशुकाट. मोठ्या माणसाचा भरदार आवाज येतो आणि नातीचा येत नाही, म्हणजे डॉक्टर बोलले ते अक्षर न् अक्षर खरं झालं. म्हणून मी फ्रॉकचं कौतुक केलं. दुसरं काय करणार?

फार वाईट वाटलं, बबडी. स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावून मी इंजिनाचं दुखणं सांगायचो. बस फाटकातून आत येतायेताच इंजिनातला कुठला टॅपेट वाजतोय ते ओळखायचो. त्या कानांना एवढंसं पोर ऐकू येऊ नये? ती मोठी झाली, की हा आवाज बदलणार. तो माझा ऐकायचा राहूनच जाणार, ही भीती आता मला झोपू देत नाही.

सोमवारी डॉक्टरांकडे जातो. बसचं उत्तर मला येतं, पण तिने विचारलेलं ऐकून मगच देईन. तिला थोडं थांबायला सांग. आईला यातलं काही कळू देऊ नकोस, नाहीतर ती माझी वरात काढेल.

या म्हाताऱ्यावर लोभ ठेवावा.
बाबा

१९ मार्च

घरधन्यांस,
सप्रेम नमस्कार.

लेकीने काही सांगितलं नाही. पत्र टेबलावर उघडं ठेवून ती अंघोळीला गेली, आणि मला डोळे आहेत.

वरात काढणार नाही. बरीच वर्षं एकेक वाक्य दोनदा बोलून माझा घसा बसला, पण तुमचे डोळे भरलेले मला बघवत नाहीत. यंत्र घ्या आणि ते कानात ठेवा, खिशात नव्हे. तुमचा नवा चष्मा निम्मा जन्म खिशात होता, हे मी विसरलेले नाही. भाजीवाल्याने किंवा मास्तरांनी बघितलं तर बघू दे. तुम्ही कानात काय घातलंय, यापेक्षा लोकांना पुष्कळ कामं आहेत.

पिटुकली टेबलाखालून बाहेर आली आहे. दूध पिते, पण तुमचं नाव काढलं की तोंड फिरवते. शर्टाला बटण शिवून घेतलंत का? आमची काळजी नको. आठवण येऊ द्यावी.
तुमची सौ.

२६ मार्च

चि. बबडीस,
अ. उ. आ.

यंत्रं बसली, दोन्ही कानांत. आपलं वॉशिंग मशीन काम संपलं की पीं पीं करतं, हे तुम्ही मला कधी सांगितलं नाही. खिडकीबाहेर चिमण्या आहेत. मास्तरांच्या सायकलची चेन सैल आहे, ते मी त्यांना लगेच सांगून आलो.

घरी येऊन पाय न धुताच टीव्हीसमोर बसलो. पिटुकली लावली. शुकशुकाट.

पहिल्यांदा यंत्रं काढून पुन्हा नीट बसवली. मग एकदम राग आला, आणि राग आला की माझं डोकं चालतं. चिमणी ऐकू येते तर नात का नाही? डब्यात कंपनीने नमुन्याचा व्हिडिओ भरलेला आहे, समुद्राचा. तो लावला. लाटा आल्या, पक्षीही ओरडले. म्हणजे वायर ठीक, टीव्ही ठीक आणि कानही ठीक. मग तुझा व्हिडिओ लावून रिमोटवरचं माहितीचं बटण दाबलं. चित्रासमोर बरोबरची खूण होती. आवाजासमोर बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की हा प्रकार चालत नाही. बटण आधीच दाबायला हवं होतं. पण माझा संशय डब्यावर गेलाच नाही, तो सरळ स्वतःवर गेला. आता पुढचं तू बघ, आणि लवकर बघ.

घाईत आहे, लोभात काटछाट नाही.
बाबा

३१ मार्च

ति. बाबांस,
सा. न. वि. वि.

चूक माझीच. मी नवा फोन घेतला. तो आवाज ज्या पद्धतीने साठवतो, ती तुमच्या जुन्या डब्याला कळत नाही. चित्र कळतं म्हणून दाखवतो, आणि आवाज निमूट गाळून टाकतो. सगळे व्हिडिओ मी साध्या आवाजात नव्याने साठवले आहेत. कॉम्प्युटर रात्रभर चालू राहू द्या, मेन स्विचला हात लावू नका, म्हणजे सकाळपर्यंत नव्या फायली उतरतील. जुन्या खोडा.

माझ्यामुळे तुम्ही महिनाभर उगाच झुरलात, याचं मला रडू आलं. आईला दुसरीच चिंता आहे. खोट डब्यात निघाली म्हटल्यावर तुम्ही यंत्रं परत करून याल, असं ती म्हणते. तसं करू नका, बाबा.

रागावला असाल तरी पत्र पाठवा.
तुमची बबडी

५ एप्रिल

चि. बबडीस,
अ. उ. आ.

ऐकू आली. काय टिपेचा आवाज आहे गं पोरीचा. एका दमात विचारते, आणि उत्तराची वाट बघताना नाकाने श्वास घेते, तोही येतो. आधी मी नुसता हसत बसलो. मग सगळे व्हिडिओ ओळीने तीनदा लावले.

आता यंत्रांचं. काल एकदा ती काढून बघितलं, खात्री करायला. पिटुकलीचं निम्मं बोलणं पुसट झालं. डबा खोटा होता, पण डॉक्टर खोटे नव्हते. परत पाहताना आणखी एक ऐकलं. पिटुकली बोलत असते तेव्हा मागे स्वयंपाकघरात तुझी आई भांडी विसळते, आणि विसळताना गुणगुणते. प्रत्येक व्हिडिओत.

तुला त्यात विशेष वाटलं नसेल. लग्न झाल्यापासून ती काम करताना अशी गुणगुणायची. पुढे कधीतरी ते थांबलं. माझ्यावर चिडून असेल, नाहीतर वयाने असेल, असं धरून मी चाललो. मनाला लागलं होतं, पण विचारायचं धाडस झालं नाही. ती थांबली नव्हती, बबडी.

हे पत्र टेबलावर उघडं ठेवू नकोस. कुणी ऐकतंय असं कळलं, की ती गप्प होते. मी रविवारी येतो. पिटुकलीला बसचं सांगायचं आहे, आणि तुझ्या स्वयंपाकघराच्या दाराशी थोडा वेळ उभं राहायचं आहे.

भेटीअंती लोभ वाढावा.
बाबा