साडूभाऊंसाठी एक रील

३ नोव्हेंबर, सोमवार
आजपासून डायरी लिहायची. सूड विसरला जाऊ नये म्हणून.
दुपारी वालूरहून डबा आला. उघडला तर आत मरळ माशाचं मुंडकं. नुसतं मुंडकं. पाठवणारा बन्सीधर. माझा साडू, म्हणजे माझ्या बायकोच्या, राजेश्रीच्या धाकट्या बहिणीचा, पंकजाचा नवरा.
काल आम्ही दोघं दुधनेच्या बॅकवॉटरला दिवसभर एकाच काठावर बसलो होतो. माझ्याकडे दुकानातली फोल्डिंगची काठी, टोपी, गॉगल. त्याच्याकडे बांबू आणि आमिषाला बेडकी. मला एक चप्पल लागली. त्याला हाताएवढी मरळ.
डब्याबरोबर निरोप होता, "मुंडकं साडूभाऊला द्या." अर्थ सरळ आहे. मासा त्याचा, मला नुसतं डोकं चालवायचं. राजेश्रीला समजावून सांगितलं. तिनं रस्सा केला. मी मुंडकं खाल्लं नाही. फक्त रस्सा खाल्ला.
माझं नाव भुजंग. डूख धरणं नावातच आहे.

९ नोव्हेंबर
सासरेबुवांचा, आबासाहेबांचा पाथरीहून फोन. पहिलं वाक्य, "बन्सीधरचा हात लय चांगला हाय बघा." मी थोरला जावई. देवगाव फाट्यावर माझं स्वतःचं फ्लेक्सचं दुकान आहे. माझ्या हाताबद्दल एक शब्द नाही.
आजपासून वालूरला जाणं-येणं बंद. राजेश्रीलाही सांगितलं. ती म्हणाली, "तुमी नका जाऊ."

१४ नोव्हेंबर
मार्ग सापडला. फ्लाय फिशिंग.
यात बेडकी नाही, गांडूळ नाही, कणीक नाही. गळाला बांधलेला पिसांचा खोटा किडा आणि चाबकासारखा हवेत फिरवायचा जाड दोर. परदेशात शिकलेली माणसं करतात. आपल्या जिल्ह्यात कोणीच करत नाही. खात्री करून घेतली, दुकानात आलेल्या दोन गिऱ्हाइकांना विचारलं.
बन्सीधरपेक्षा मोठी मरळ पिसावर पकडायची. आबासाहेबांसमोर. तारीख नंतर ठरवू.

२३ नोव्हेंबर
संभाजीनगरच्या एका रिटायर्ड साहेबांकडून जुना फ्लाय रॉड मिळाला. सोबत दोर आणि किड्यांची डबी. फक्त रील, म्हणजे दोर गुंडाळायची चकरी, नाही. रॉडवर पाच आकडा लिहिलाय, म्हणजे रीलही पाच नंबरचं पाहिजे. दोन दिवसांत निवडून टाकतो.

१२ डिसेंबर
रील अजून निवडलेलं नाही. घाईत केलेला सूड कच्चा राहतो.
मोबाईलवर बघतो त्या व्हिडिओतला माणूस सांगतो की गोड्या पाण्यातल्या माशाला महाग रील लागत नाही, ते फक्त दोर सांभाळतं, खर्च करायचा तर दोरावर करा. या माणसाला साडू नसणार.
राजेश्रीनं दोन हजारांची हद्द घातली. सुडाला बजेट नसतं असं मी म्हणालो. ती म्हणाली, "सुडाला नसंल, मला हाय."

१९ डिसेंबर
दोन रीलं उरली. एकाचा ब्रेक उत्तम, मासा पळाला तरी दोर हळूहळू सोडतं, पण आवाज करत नाही. दुसऱ्याचा ब्रेक जेमतेम, पण दोर ओढला की टर्रर्र असा आवाज. दुकानात मोठ्यानं लावून ऐकला. गिऱ्हाईक म्हणालं, मशीन बिघडली का.
आवाजाचं घेतलं. समोरच्या काठावर बसलेल्या बन्सीधरला ऐकू गेलं पाहिजे. ब्रेक काय, हातानंही लावता येतो.

२७ डिसेंबर
रील आलं. सुंदर. बसवलं. हँडल उलट्या बाजूला आलं. व्हिडिओतला माणूस डावखुरा असावा.
दुकानात अभिनंदनाचा फ्लेक्स डिझाईन करून ठेवला. वर माझा गॉगलवाला फोटो, खाली 'मत्स्यसम्राट'. माशाची जागा मोकळी ठेवली आहे.

३० डिसेंबर
दुकानामागे प्रॅक्टिस. किडा पुढं जायचा तो मागं गेला आणि वाळत टाकलेल्या फ्लेक्सवर भावी सरपंचांच्या डाव्या डोळ्यात घुसला. ओढला तर गालापर्यंत फाटलं. पुन्हा छापून द्यावा लागणार. वारा होता.

२ जानेवारी
वारा.

११ जानेवारी, रविवार
पंकजानं वालूरला हुरड्याला बोलावलं. मी नाही म्हणालो. राजेश्री सकाळच्या एसटीनं एकटी गेली. सात वर्षांत एक हुरडा दोघी बहिणींनी चुकवला नाही म्हणे, आणि मुंडक्यापायी ती चुकवणार नाही.
संध्याकाळी आली ती हसतच. म्हणाली, "आवो, त्यांच्यात मुंडकं मानाच्या माणसाला देत्यात. पंकी म्हणायली, त्यांनी घरात कुणाला हात लावू दिला न्हाई, थोरल्या साडूभाऊचं हाय म्हणाले."
मी ऐकून घेतलं. चाल चांगली आहे. बायकांच्या तोंडून निरोप पाठवून माझी धार बोथट करायची. बन्सीधर दिसतो तेवढा साधा नाही.
पिशवीत माझ्यासाठी हुरडा होता. लसणाची चटणीही. खाल्ला. अन्नाशी वैर नाही.

२५ जानेवारी
प्रत्यक्ष पाण्यावर पहिला दिवस. मासा लागला नाही, कारण लावायचा नव्हता. आज फक्त दहशत बसवायची होती. दर थोड्या वेळानं मीच दोर ओढून रील वाजवत होतो.
बन्सीधर आवाज ऐकून पलीकडून वळसा घालून आला. म्हटलं, जळाला. तो बाभळीखाली बसून बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "लय भारी दिसायलंय वो साडूभाऊ. दोर कसा हवेत नाचायलाय." मासा किती लागला, हे विचारलंच नाही. मुद्दाम.
जाताना म्हणाला, "मला बी एक रील बघून द्या की. स्वस्तातलं. मला त्यातलं काय कळत न्हाई, तुमी निवडाल ते."
घरी येईपर्यंत हसू आवरत नव्हतं. शिकार स्वतःच्या पायानं चालत आली.

२६ जानेवारी
फ्लेक्सचा बेत रद्द. मोठा मासा पकडण्यापेक्षा बन्सीधरचा मोठा मासा सुटणं जास्त चांगलं. तेही आबासाहेबांसमोर. आणि मला पाण्यात उतरायचीही गरज नाही.

३१ जानेवारी
सगळ्यात वाईट रील शोधतोय. चांगलं शोधताना एवढी मेहनत पडली नव्हती. वाईट रीलंही लोक चार स्टार देऊन ठेवतात. माणसाला खरं बोलायची सवय राहिली नाही.

४ फेब्रुवारी
सापडलं. काळं, प्लास्टिकचं, दिसायला देखणं. खाली एकानं लिहिलंय, "लहान माशाला ठीक. मोठा लागला की मधली खिट्टी निघते आणि चकरी हातात न राहता पाण्यात जाते." दुसऱ्यानंही तेच लिहिलंय, पण शिव्या देऊन.
ऑर्डर केली. सोबत एक दोरही.

१३ फेब्रुवारी
बन्सीधर दुकानात येऊन रील घेऊन गेला. हातात घेऊन उलटंसुलटं केलं. विचारलं, "तुमच्यासारखं वाजत न्हाई?" मी म्हणालो, हे ॲडव्हान्स आहे. तो खूश. जाताना फाट्यावरच्या हॉटेलात सगळ्यांना दाखवून गेला, साडूभाऊंनी निवडून दिलंय म्हणून.
दुपारी थोडं अस्वस्थ वाटलं. वडापाव जुना असावा.

१७ फेब्रुवारी
पंकजाचा राजेश्रीला फोन. बन्सीधरनं रील बांबूला तारेनं बांधलंय. रोज संध्याकाळी रानात दोर फेकायची प्रॅक्टिस करतो. कोंबड्याच्या पिसांचा किडा स्वतः बांधलाय. पंकजा म्हणाली, एवढं तर लग्नाच्या वेळीही नटले नव्हते. राजेश्री खूप हसली. मीही हसलो. कारणं वेगळी.

२२ फेब्रुवारी
आबासाहेबांना पुढच्या रविवारी दुधनेवर बोलावलं. दोन्ही जावयांची कला बघा म्हणालो. ते म्हणाले, भाकरी-पिठलं बांधून आणा.

१ मार्च, रविवार
झालं. सगळं ठरल्यासारखं झालं.
सकाळी आबासाहेब खुर्ची टाकून काठावर बसले. बहिणी-बहिणी झाडाखाली. मी दोनचार वेळा रील वाजवलं आणि खांदा दुखतो म्हणून बाजूला झालो. बन्सीधरचा किडा लव्हाळ्याजवळ पडला आणि पाणी फाटलं. मरळच, पण मी आजवर बघितलेली सगळ्यात मोठी. बांबू अर्धा वाकला. बन्सीधर ओरडला नाही, काही नाही. फक्त एकदा माझ्याकडं बघून हसला. तुमचं रील काम करायलंय, असं.
मग खिट्टी निघाली.
चकरी पाण्यात. दोर नुसता सुटत गेला. बन्सीधरनं तो उघड्या हातात धरला, हात कापला तरी सोडेना. छातीएवढ्या पाण्यात गेला. शेवटी दोर तुटला.
आबासाहेब म्हणाले, "काय बन्सीधर, हातचा घालवलास." अगदी हेच वाक्य मी चार महिने मनात ऐकत होतो.
पंकजानं पदर फाडून हात बांधला. राजेश्री माझ्याकडं बघत होती. का, कळलं नाही. पिठलं उरलं.

२ मार्च
यश मिळाल्यावर माणसाला थकवा येतो म्हणतात. आज दुकान उशिरा उघडलं.

४ मार्च
सकाळी बन्सीधर दुकानात आला. उजव्या हाताला पट्टी. म्हटलं, आता भांडण. मी वाक्यं तयार ठेवली होती.
त्यानं काउंटरवर फडकं उलगडलं. आत चकरी. सोमवारी दिवसभर पाण्यात पायानं चाचपून काढली म्हणाला. धुऊन, पुसून, तेल लावून आणली होती. खिट्टी मात्र सापडली नाही.
म्हणाला, "माझ्याच्यानं तुमची वस्तू मोडली. बांबूला बांधताना मीच ठोकलं आसंल कुटंतरी. तुमी एवढं शोधून दिलं आन् आबासायबासमोर तुमचं नाव खराब झालं." मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर तो म्हणाला, "न्हाई, आयका. काल पाथरीला जाऊन त्यास्नी सांगून आलोय. रील चांगलं व्हतं, माझाच हात आडाणी."
चहा मागवला. त्यानं डाव्या हातानं बशी धरली, थोडा सांडला. तेवढंच मी पुसून घेतलं.
निघताना विचारलं, "नाराज न्हाई न्हवं?" मी म्हणालो, नाही.

४ मार्च, संध्याकाळी
आबासाहेबांचा फोन आला. म्हणाले, "भुजंगराव, वस्तू आन् माणूस, दोन्ही ओळखायची नजर हाय तुमाला. बन्सीधर सांगत व्हता." मी हो हो म्हणालो.
सूड पूर्ण झाला आहे. त्यात काही त्रुटी नाही. बन्सीधरचा मासा गेला, आबासाहेबांनी बघितलं, मी नामानिराळा. ठरलं होतं तसंच.
ताट वाढलं होतं. मी भाकरीचे तुकडे करून ताटाच्या कडेला लावत गेलो. राजेश्रीनं विचारलं, काय दुखतंय का. म्हणालो, ॲसिडिटी. ती म्हणाली, "आसंल." आणि ताट उचलून आत घेऊन गेली.